तुमचे जांभळे फुगे परत न्या

नवजात बाळांच्या कक्षात फुगा नेऊ नये, हे कळायला नर्सिंगचा डिप्लोमा लागत नाही. फुगा फुटतो. नऊशे ग्रॅमच्या बाळाच्या कानाशी तो फुटला की बाळ दचकतं, त्याचं सॅच्युरेशन खाली येतं आणि मॉनिटर बोंबलायला लागतो. तरीही दरवर्षी १७ नोव्हेंबरला माझ्या कक्षाच्या दाराला जांभळ्या फुग्यांची कमान लागायची. त्या दिवशी जागतिक प्रीमॅच्युरिटी दिन असतो आणि जांभळा हा त्याचा ठरलेला रंग. कंपनीची मंडळी जांभळे टी-शर्ट घालून यायची. छातीवर बाळाची इवलीशी पावलं, पाठीवर कंपनीचं नाव. पावलं छोटी, नाव मोठं.

मी जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूची, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाची, इन्चार्ज सिस्टर होते. आता पेन्शन सुरू झालं आहे, म्हणून तोंड उघडते. नोकरीत असताना हे लिहिलं असतं तर सिव्हिल सर्जनसाहेबांपुढे खुलासा द्यायला उभं राहावं लागलं असतं आणि पुढच्या वर्षीचा वॉर्मर शेजारच्या जिल्ह्याला गेला असता.

एका वर्षीचा सोहळा सांगते. एका कंपनीने, नाव सांगत नाही, आम्हाला तीन रेडियंट वॉर्मर दिले. चांगले होते. बनवणाऱ्याचं नाव शोधावं लागत होतं, देणाऱ्याचं मात्र तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं होतं, 'सप्रेम भेट' सकट. पाहुण्यांनी फीत कापली. हात न धुता आत येऊ नका असं मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी स्वागत करते आहे. भाषणात 'अकाली जन्म रोखण्यासाठी आमची कंपनी कटिबद्ध आहे' असं एक वाक्य होतं.

त्या 'रोखण्यासाठी'वर मी अडले ती आजपर्यंत अडलेलीच आहे. वॉर्मर हे बाळ जन्मल्यावर त्याला ऊब द्यायचं यंत्र. त्याने जन्म कसा रोखायचा? वाहून गेलेल्या माणसाला टॉवेल दिल्यासारखं झालं हे. टॉवेल हवाच, पण त्याला पूरनियंत्रण म्हणू नका.

त्या तीनपैकी एक वॉर्मर दीड वर्षात कोपऱ्यात गेला. बाळाच्या अंगाला लावायचा तापमानाचा प्रोब तुटला होता. एवढीशी वायर. रुग्णालयाकडे त्यासाठी निधी नाही, कारण यंत्र रुग्णालयाने घेतलेलं नाही. कंपनी म्हणाली, आम्ही भांडवली मदत देतो, देखभालीचा खर्च धरत नाही. वार्षिक देखभालीचा करार कुणी केलाच नव्हता. मग त्या वॉर्मरवर आम्ही दुपटी वाळत घालायचो. स्टिकर अजून चकचकीत होता.

देखभाल म्हटलं की लोकांना कंटाळा येतो, म्हणून एक तारीख सांगते. ९ जानेवारी २०२१. त्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दिवशी महाराष्ट्रातली प्रत्येक इन्चार्ज सिस्टर आपल्या कक्षातले प्लग मोजत होती. दान आलेल्या यंत्रांसकट.

आता रोखण्याचं बघू. सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे कमी दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांवर एकट्या भारतात. जगातलं दर पाचातलं एक आपलं. कारणं अनेक. आईचा वाढलेला रक्तदाब, लघवीचा किंवा योनीचा जंतुसंसर्ग, अंगात रक्त नसणं, कोवळं वय, दोन बाळंतपणांत न ठेवलेलं अंतर, जुळी-तिळी, उभ्याने तासन्‌तास केलेलं आणि ओझ्याचं काम. पुष्कळ वेळा कारण सापडतही नाही. एकच इंजेक्शन किंवा एकच यंत्र आणलं आणि सगळी बाळं दिवस भरून आली, असं होत नाही. पण यादी पुन्हा वाचा. यातली किती कारणं दवाखान्याच्या फाटकात सुरू होतात आणि किती कारखान्याच्या?

त्या सोहळ्याच्या आठ दिवस आधी एक बाई आली होती. एकतिसावा आठवडा, अंगात ताप, बाळ अकराशे पन्नास ग्रॅमचं. रात्रपाळीला मी तिच्याशी बोलत बसले.

"कुठं कामाला आहेस गं?"

"एमायडीसीत, सिस्टर. पॅकिंगला."

"कोणत्या कंपनीत?"

"कंपनीत न्हाई. कॉन्ट्रॅक्टरकडं."

"अगं, पण पॅकिंग कुणाचं करतेस?"

"बदलत असतंय. गाडी नेईल तिकडं."

दहा तास उभं राहायचं, ओव्हरटाइम असला तर बारा. लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारायचं. तो चारचौघांत म्हणायचा, "आत्ताच गेली होतीस ना?" म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं होतं. सहाव्या महिन्यापासून लघवीला जळजळ. सांगणार कुणाला, आणि सुट्टी घेतली तर हजेरी जाते. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मला वाचायचीही गरज वाटली नाही.

ती त्याच कंपनीच्या मालाचं पॅकिंग करत होती का? मला माहीत नाही, तिलाही नाही. कंत्राटाची सोय याचसाठी असते. बाईचं पोट कुणाच्याच हिशेबात येत नाही. फीत कापली तेव्हा तिचं बाळ नव्या वॉर्मरखाली होतं, त्याचे फोटो निघाले, आणि ती बाहेर पॅसेजमध्ये उभी होती, कारण आत पाहुण्यांची गर्दी झाली होती.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं एक काहीही असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. हा पैसा कायद्याने आला आहे, औदार्याने नाही. 'सप्रेम' कसलं? मी आयकर भरते तेव्हा पावतीवर 'सप्रेम भेट' लिहीत नाही. आणि या सीएसआर योजनेच्या नियमांनुसार स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्या २ टक्क्यांत धरता येत नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर साहेबांच्या क्लबाची वर्गणीही समाजसेवेत गेली असती. पण त्याचा परिणाम बघा. परक्या बाईच्या बाळाला वॉर्मर दिला की वार्षिक अहवालात रंगीत पान. आपल्या शेडमधल्या गरोदर बाईला स्टूल दिलं की तो नुसता खर्च, आणि वर प्रॉडक्शन मॅनेजर विचारणार, लाइन का मंदावली.

स्टूल हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४४ लिहिलेलं होतं : उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवा, म्हणजे संधी मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल. देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं तेव्हा हे कुणालातरी सुचलं होतं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात तर असंही होतं की बाळंतपणाच्या अलीकडचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात गरोदर बाईला फार वेळ उभं राहायचं, कष्टाचं काम देऊ नये. मात्र तिने तशी विनंती केली तर. विनंती! गाडी नेईल तिकडे जाणाऱ्या बाईने कुणाला करायची? तिने तोंड उघडायचा अवकाश, उद्यापासून गाडी तिच्या दारात थांबायची नाही. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यासाठी आधीच्या वर्षात ८० दिवसांचं काम कागदावर दिसावं लागतं. तो कागद असतो कॉन्ट्रॅक्टरच्या डायरीत.

उसाच्या फडाचं काय सांगू? तिथे न येण्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याला दंड असतो. बीडमध्ये बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा गवगवा झाला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्या धंद्यात बाई पाळीचा खाडा नको म्हणून पिशवी काढून टाकते, तिथे आठव्या महिन्यात ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणार नाही तर काय करेल? मग कारखाना हंगामात आरोग्य शिबिर घेतो, लोहाच्या गोळ्या वाटतो आणि वर्तमानपत्रात फोटो देतो.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने एकदा फोटो पाठवला, ऑफिसातली पन्नास-साठ माणसं जांभळ्या शर्टांत, 'मार्च फॉर बेबीज' नावाच्या पदयात्रेत. खाली लिहिलं होतं, "मावशी, बघ, तुझ्याच बाळांसाठी चाललो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग सवयीप्रमाणे मी खोदायला बसले.

ही यात्रा काढणारी संस्था मार्च ऑफ डाइम्स. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध ती उभी केली आणि लोकांनी डाइम, म्हणजे दहा सेंटची नाणी, थेट व्हाइट हाउसवर पाठवली. त्याच पैशांतून साल्क यांची लस १९५५ ला आली. गरिबाच्या नाण्यांनी एक रोग जवळजवळ संपवला. मला त्या संस्थेबद्दल आदर आहे, आणि पुढचं म्हणूनच बोचतं. पोलिओ गेल्यावर संस्था जन्मजात व्यंगांकडे वळली आणि २००३ पासून अकाली प्रसूतीकडे. नाण्यांच्या जागी आता कंपन्या आल्या होत्या.

त्यांतली अनेक वर्षांची मोठी देणगीदार केमार्ट, दुकानांची साखळी. तिच्या गल्ल्यांवर ग्राहकांकडून बाळांसाठी डॉलर-डॉलर गोळा व्हायचा. तो गोळा करणारी कॅशियर उभी असायची. कॅलिफोर्नियात नियम आहे की कामाचं स्वरूप परवानगी देत असेल तर कामगाराला बसायला आसन द्यावं. तिथल्या एका कॅशियर बाईने खटला घातला. २०१२ मध्ये केमार्ट संघराज्य न्यायालयात उभं राहून सांगत होतं की कॅशियर उभी असली की ग्राहकसेवा चांगली होते. त्या दुकानापुरता निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मुद्दा गरोदर बायकांचा नव्हता, सगळ्या कॅशियरांचा होता, हे मान्य. पण गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांत गरोदर बायका नसतात की काय? एका हाताने बाळांसाठी वर्गणी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने स्टूल नाकारायला वकील लावायचा, याला आमच्याकडे काय म्हणतात ते छापता येणार नाही.

मकेनाची गोष्ट याहून मासलेवाईक. आधी एक अकाली प्रसूती झालेल्या बाईला आठवड्याला एक असं टोचायचं हे हार्मोनचं इंजेक्शन. २००३ च्या ज्या चाचणीवर त्याची मदार होती ती सरकारी पैशांतून झालेली. औषध जुनंच, कंपाउंडिंग फार्मसीवाले दहा-वीस डॉलरला बनवून द्यायचे. फेब्रुवारी २०११ मध्ये केव्ही फार्मास्युटिकल या कंपनीला त्याची अधिकृत मंजुरी मिळाली आणि किंमत झाली एका टोचणीला १,५०० डॉलर. मार्च ऑफ डाइम्सने या मंजुरीला पाठिंबा दिला होता आणि कंपनीकडून संस्थेला देणगीही येत होती. किंमत कळल्यावर संस्थेने जाहीर नाराजी दाखवली, पण तोवर तिची पुण्याई वापरून झाली होती. एफडीएने फार्मसीवाल्यांवर कारवाई करणार नाही असं सांगितलं तेव्हा कंपनी ६९० डॉलरवर उतरली. दुसऱ्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. औषध मात्र मालक बदलत बाजारात राहिलं. २०१९ मध्ये १,७०० वर बायकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला : काही उपयोग नाही. तरी ते काढायला एप्रिल २०२३ उजाडलं. बारा वर्षं.

त्याच २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेत गरोदर कामगारांसाठीचा नवा कायदा लागू झाला. पंधरा किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाने गरोदर बाईला जमेल त्या सवलती द्यायच्या : पाण्याची बाटली जवळ ठेवू देणं, जादा वेळा लघवीला जाऊ देणं, बसायला देणं. चंद्रावर माणूस पाठवून चोपन्न वर्षं झाल्यावर स्टूल! पगारी बाळंतपणाची रजा तर त्या देशात राष्ट्रीय कायद्याने आजही नाही. आणि त्यांचं अकाली प्रसूतींचं प्रमाण? २००७ मध्ये १०.४ टक्के, २०१४ ला ९.६ वर आलं, २०२३ ला पुन्हा १०.४. इतकी वर्षं चालले आणि निघाले तिथेच पोहोचले. हे मी भाचीला लिहिलं नाही. तिचे पाय त्या दिवशी दुखत होते.

मधे जी थोडी घसरण झाली त्या काळात एक फार साधी गोष्ट घडली होती. काही कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियन करायचं नाही किंवा कळा आणायच्या नाहीत, असा आग्रह मार्च ऑफ डाइम्सनेच धरला आणि रुग्णालयांनी नियम केला. अशा प्रसूती तीन वर्षांत १७ टक्क्यांवरून पाचाच्या खाली आल्या. यंत्र नाही, औषध नाही, नुसतं 'नाही' म्हणणं. आपल्याकडे हे 'नाही' कोण म्हणणार? इथे भटजीने काढलेल्या मुहूर्तावर छत्तिसाव्या आठवड्यात पोट उघडलं जातं, बाळ कण्हत-कण्हत आमच्याकडे येतं, आणि नक्षत्र उत्तम असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत खासगी दवाखान्यांतल्या जवळजवळ निम्म्या प्रसूती सिझेरियनच्या निघाल्या. त्यातल्याच काही चकाचक रुग्णालयांत १७ नोव्हेंबरला वाचलेल्या बाळांचा स्नेहमेळावा भरतो. फुगे तिथेही असतात.

माझ्या जुन्या सहकारी म्हणतील, "बाई, त्या वॉर्मरखाली पोरं जगली ना?" जगली. मी स्वतः ठेवली त्यांच्याखाली, आणि देणाऱ्याला मनातल्या मनात दुवाही दिला. पैसा वाईट नाही. सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तशा पेढ्या जिल्ह्याजिल्ह्यात हव्या आहेत आणि त्यांना पैसा लागतो. राग आहे तो कंपनी काय निवडते यावर. तिला चिकटवायला सपाट पृष्ठभाग लागतो.

पटत नसेल तर हे ऐका. १९७८ मध्ये बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या उराशी बांधली. त्यातून कांगारू मदर केअर आलं. २०२१ मध्ये पाच देशांतल्या चाचणीचा निकाल लागला, त्यात आपलं सफदरजंगही होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर आले. आम्हालाही हे करायचं होतं. आईला तासन्‌तास मागे रेलून बसावं लागतं, म्हणून मी त्या कंपनीच्या सीएसआरच्या पोरीकडे सहा आरामखुर्च्या मागितल्या. पोरगी चांगली होती, तळमळीची होती. तिने वर विचारलं, आणि आठवड्याने फोन आला.

"सिस्टर, सॉरी. खुर्च्या आमच्या हेडमध्ये बसत नाहीत."

मी म्हटलं, "बाळा, खुर्च्यांना बसायचंच नाहीये."

ती हसली. खुर्च्या आल्या नाहीत. शेवटी आम्ही सिस्टरांनी वर्गणी काढून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि उशा आणल्या. त्यावर स्टिकर नाही.

कायद्याने वळण लावता येतं, याचंही उदाहरण आमच्याच खात्यात आहे. डबाबंद दुधाच्या कंपन्या डॉक्टरांना भेटी देत, परिषदा भरवत. १९९२ चा कायदा आला, २००३ मध्ये आवळला, आणि त्या पैशाला दार बंद झालं. तेव्हाही ओरड झाली होती की मदत थांबेल. बाळांचं त्यावाचून काही अडलं नाही.

ती पॅकिंगवाली बाई एक्केचाळीस दिवस राहिली. बाळ सोळाशे ग्रॅमचं होऊन घरी गेलं. फॉलोअपला आली तेव्हा विचारलं, कामावर जातेस का? म्हणाली, नाव कमी केलं.

तर येत्या १७ नोव्हेंबरला जे येणार आहेत त्यांना माझं हे मागणं. फुगे आणू नका. एका कागदावर एवढंच लिहून आणा : तुमच्या फाटकाच्या आत कंत्राटावर किती बायका उभ्या आहेत, त्यांतल्या किती गरोदर आहेत, त्यांना बसायला काय दिलंय, आणि लघवीला जाताना त्यांना कुणाला विचारावं लागतं. त्या कागदाखाली तुमचं नाव हवं तेवढं मोठं छापा. आणि हो, नवीन इन्चार्ज सिस्टर सांगत होती, दुसऱ्या वॉर्मरचाही प्रोब गेलाय. तो आणलात तर आजच लावता येईल.